दुसरी डिस्क

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-डागडुजी थांबली आणि पुष्कळ घरांतील धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आमच्या इंदूरच्या घरातील यंत्रात ती नव्हती. म्हणून माझ्या नणंदेच्या मुलाने त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवली. ती उत्तम चालू लागली. मात्र 'डी' नाहीसा झाला.

'डी' म्हणजे दुसरी हार्ड डिस्क. पहिलीवर प्रणाली नांदत असे, दुसरीवर आमचे घर साठवलेले होते. छायाचित्रे होतीच, परंतु मला घोर लागला तो सासूबाईंच्या आवाजाचा. २०१४ च्या चातुर्मासात त्यांनी म्हटलेल्या भूपाळ्या यजमानांनी मोबाइलवर टिपून तेथे ठेवल्या होत्या. सासूबाई आता नाहीत.

बाजारातील एका जाणत्याने दूरध्वनीवरूनच सल्ला दिला, "फॉरमॅट करा, लगेच दिसेल." दिसेल खरी, पण रिकामी! कुलूप उघडत नाही म्हणून कोणी घर पाडत नाही. भाचा गोंधळला होता. मी म्हटले, "थांब. आधी यंत्राला ती दिसते का, एवढेच पाहा."

यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या बायॉसच्या पडद्यावर तिचे नाव होते; म्हणजे केबल आणि वीज ठीक. उबुंटूच्या 'डिस्क्स' या साधनातही ती दिसली. विंडोजमध्ये ९३१ जीबी भरणारी डिस्क येथे १ टीबी होती. वाढली नव्हती, मोजण्याची रीत तेवढी निराळी. एनटीएफएस ही तिची मांडणीही शाबूत होती. लिनक्समध्ये सी, डी अशी अक्षरे नसतात. डिस्क एखाद्या फोल्डरला जोडावी लागते, त्यालाच माउंट करणे म्हणतात. आता ते करावयाचे, एवढेच राहिले असे वाटले. पण तेथे नकार मिळाला.

कारण मोठे मौजेचे निघाले. विंडोज ८ बरोबर, म्हणजे २०१२ साली, 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. आपण यंत्र बंद केले असे समजतो. वस्तुतः प्रणालीचा गाभा आपली स्थिती लिहून ठेवून निद्रिस्त होतो आणि जोडलेल्या डिस्कांच्या वह्या उघड्याच राहतात. उघड्या वहीत दुसऱ्याने लिहिले तर हिशेब बिघडेल, म्हणून लिनक्स हात लावीत नाही. हा तिचा शहाणपणाच म्हणावयाचा. प्रणाली बदलण्यापूर्वी विंडोज एकदा 'रीस्टार्ट' केली, की या वह्या नीट मिटतात आणि मग पुढचे काम करता येते. पण आमची विंडोज तर पुसली गेली होती.

मग भाच्याने ती केवळ वाचण्यापुरती जोडली. लिहावयाचेच नाही म्हटल्यावर नकार आला नाही. सगळे फोल्डर समोर आले, आणि प्रथम बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतली. त्यास तीन तास लागले. भूपाळी लावली तेव्हा मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मामी, आजी मध्येच खोकते, तेवढं काढून टाकू का?" त्याने विचारले.

"राहू दे रे," मी म्हटले.

प्रत हाती आल्यावरच शेजाऱ्यांच्या विंडोज संगणकाला डिस्क जोडून 'चेकडिस्क' चालवली आणि तिची वही मिटवली. तेव्हापासून ती उबुंटूत लिहिण्यासही मोकळी झाली. यंत्र सुरू होताच ती आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब या फाइलीत एक ओळ घातली आहे. तीत 'नोफेल' हा शब्द आहे, म्हणजे कधी डिस्क काढून ठेवली तरी यंत्र अडून बसत नाही. यजमानांच्या सवयीखातर फोल्डरचे नाव मात्र 'डी' असेच ठेवले आहे.