मागच्याला सांगा

पुढच्या माणसाचा डावा हात हँडलवरून सुटला, मांडीशेजारी खाली गेला, तर्जनी रस्त्याकडे दोनदा हलली आणि हात परत जागेवर आला. लगेच त्याच्या मागच्या बाईंचा हात तसाच खाली. मग त्यांच्या मागच्या उंच मुलाचा. मग माझा. खड्डा मला दिसला तो हात परत घेतल्यावर, चाकापासून वीतभर अंतरावरून सरकून जाताना. दोन बोटं खोल असेल. माझ्या मागे कोण होतं ते मला माहीत नव्हतं. चाकाला चाक लावून जाताना मागे वळून बघायचं नसतं. तरी त्या कुणालातरी मी सांगितलं होतं आणि त्या कुणीतरी आणखी मागे सांगितलं असणार.

मध्यरात्र उलटून गेली होती आणि काळोख पडलाच नव्हता. जूनच्या मध्याला स्वीडनमधे रात्र म्हणजे एक लांबलेली संध्याकाळ असते. सूर्य दहानंतर कधीतरी बुडतो, पण आकाशाचा उत्तरेकडचा काठ उजळलेलाच राहतो आणि तो उजेड हळूहळू सरकत पहाटेकडे जातो. उजव्या हाताला व्हेटर्न सरोवर होतं आणि त्या उजेडातलं थोडं पाण्यावर पडलं होतं. आमच्या पुढे तांबड्या दिव्यांची ओळ होती, वळणावर ती वाकायची. बोलणं जवळजवळ नाहीच. साखळ्यांची सळसळ, उतारावर पायडल थांबलं की मागच्या चाकाची टरटर, आणि मधूनच ते हात.

या फेरीचं नाव व्हेटर्नरुंडान. पूर्वेच्या काठावर मोटाला नावाचं गाव आहे; तिथून निघायचं, दक्षिणेला जायचं, टोकाला वळसा घालून पश्चिमेच्या काठानं वर चढायचं, उत्तरेचा पूल ओलांडायचा आणि परत मोटालाला यायचं. वर्षानुवर्षं ही फेरी ३०० किलोमीटरची म्हणून ओळखली जायची, आता ३१५ आहे. पहिली निघाली १९६६ साली. तेव्हा स्वीडनमधे वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालायची. ३ सप्टेंबर १९६७ला अख्खा देश एका पहाटे उजवीकडे सरकला. म्हणजे पहिल्या दोन जूनमधे सायकली रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं गेल्या असणार. या गोष्टीत विशेष असं काही नाही, पण ती कळल्यापासून मला त्या पहिल्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटते.

हजारो सायकली एकदम सोडत नाहीत. ठरावीक मिनिटांनी एकेक घोळका सुटतो. शुक्रवारच्या संध्याकाळी सुरू झालेलं हे सुटणं रात्रभर चालून शनिवारच्या सकाळपर्यंत जातं. आणि ही शर्यत नव्हे. पहिला, दुसरा, तिसरा असं इथं कुणी नसतं. प्रत्येकाला आपापली वेळ मिळते. मला हे मनापासून आवडतं. आपण मुलांना चालायला लागल्या दिवसापासून क्रमांकात बसवतो. एवढ्या मोठ्या गर्दीनं एकत्र कष्ट करावेत आणि शेवटी कुणी कुणाच्या वर नसावं, ही व्यवस्था मला सभ्य वाटते. पुण्यात आम्ही बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर कापायच्या, राइड करतो तेव्हाही हेच असतं: ३०० किलोमीटरला २० तास, त्यात आलात की झालं. पण तिथं रस्ता बहुतेक एकट्यानं कापायचा असतो. इथं रस्त्यावर तुम्ही एकटे उरतच नाही.

निघायच्या आधी आईचा फोन आला होता. तिला नकाशा पाठवला होता. ती म्हणाली, “अगं, पाणी सारखं उजव्या हाताला म्हणजे प्रदक्षिणाच की ही. मग भांडू नकोस कुणाशी वाटेत.” एवढंच म्हणाली आणि बहिणीच्या मुलांची चौकशी करायला लागली.

घोळक्यात चालण्यामागे गणित आहे. सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं की ती हवा त्यानं आधीच फोडलेली असते आणि तुमचे पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून पुढे कुणीच कायम राहत नाही. थोडा वेळ वारा अंगावर घ्यायचा, मग बाजूला होऊन ओळ पुढे जाऊ द्यायची आणि शेपटाला येऊन लागायचं. या सोयीची किंमत अशी, की मागच्यांना रस्ताच दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त एक पाठ असते. म्हणून हातांनी सांगायचं: खड्डा, खडी, पुढे उभी गाडी, वेग कमी करतोय. सर्वांत पुढचा बघतो आणि बाकीचे विश्वास ठेवतात.

व्हेटर्न लांबट आणि अरुंद आहे, जमीन खचून झालेल्या दरीत भरलेलं. दक्षिणोत्तर पसारा सुमारे १३५ किलोमीटर, सर्वांत खोल जागी १२८ मीटर. पाणी एवढं थंड आणि नितळ, की काठावरच्या कितीतरी गावांच्या नळाला तेच येतं. बर्फयुगात इकडे आलेला आणि बर्फ मागे हटल्यावर इथंच राहून गेलेला एक मासा अजून त्याच्या खोल पाण्यात आहे.

ग्रेना गाव डोंगराच्या कुशीत आहे आणि त्याला पेपरमिंटचा वास येतो, निदान मला तरी आला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोल्काग्रीस गोळ्या याच गावच्या. आमालिया एरिकसन नावाची बाई विधवा झाली, पदरात एक मुलगी होती. १८५९ साली तिनं गावाच्या कारभाऱ्यांकडून परवानगी मिळवून गोळ्यांचा धंदा सुरू केला आणि पाककृती १९२३मधे मरेपर्यंत कुणाला दिली नाही. भल्या पहाटे दुकानं बंदच होती. पण साखरेचा पाक हातांनी ओढून ओढून पांढरा करणारे तिचे दंड त्या रस्त्यावर माझ्याबरोबर बराच वेळ होते.

आणि मग सरोवराच्या दक्षिण टोकाला योन्शपिंग. या गावासाठी मी आले होते.

माझे आजोबा, आईचे वडील, अंबरनाथला विम्कोत होते. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. अंबरनाथ पश्चिमेला आजही विम्को नाका आहे, रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं. अप्पा घरी फारसं बोलत नसत, पण काडीबद्दल विचारलं की खुलायचे. एक काडी हातात घ्यायचे आणि ती उलट्या क्रमानं मोडत न्यायचे, पार झाडापर्यंत. झाड म्हणजे सावर, आपली काटेसावर. तिचं लाकूड मऊ, हलकं, सरळ धाग्याचं. ओंडका फिरवत फिरवत त्याला पातं लावायचं, की लाकडाचा सलग पापुद्रा सुटत जातो. पापुद्र्यांची थप्पी लावून त्यांच्या काड्या कातरायच्या. मग त्या फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून सुकवायच्या. “हे कशासाठी, सांग बरं?” दर वेळी हा प्रश्न असायचा आणि दर वेळी आम्ही उत्तर माहीत असूनही गप्प बसायचो, कारण ते त्यांच्या तोंडून ऐकायचं असे. “विझल्यावर काडी धगधगत राहू नये म्हणून. कुणी फुंकर मारून काडी टाकून देतो. टाकणारा निघून जातो. निखारा राहिला तर कुणाच्यातरी गवताच्या गंजीवर जायचा.” मग मेणात टोक, जेणेकरून ज्योत लाकडावर उतरेल. मग गुल: पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड, सरस. आणि शेवटी पेटीची बाजू, जिला तांबडा फॉस्फरस.

इथं ते थांबायचे. गोष्टीचा गाभा इथं होता.

आधीच्या काड्या कशावरही घासल्या तरी पेटत. भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, खिशातल्या खिशात. त्यात पांढरा फॉस्फरस असे आणि कारखान्यात त्याची वाफ वर्षानुवर्षं श्वासात घेणाऱ्या बायामाणसांच्या जबड्याचं हाड सडत जाई. अप्पा हे सांगताना स्वतःच्या हनुवटीला हात लावायचे. स्वीडनमधल्या गुस्ताफ एरिक पास्च या रसायनशास्त्रज्ञानं १८४४ साली एक गोष्ट केली: आगीचे दोन भाग केले. एक काडीच्या टोकावर ठेवला, दुसरा पेटीच्या बाजूवर. दोन्ही वेगवेगळे असताना निरुपद्रवी. ती कल्पना चालेल अशी करून दाखवली योन्शपिंगच्या लुंडस्ट्रॉम भावांनी. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात तिला पदक मिळालं. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या मात्र लगेच गेल्या नाहीत, त्या स्वस्त होत्या. त्यांच्यावर बंदी घालणारा करार बर्न शहरात झाला तो १९०६मधे. अर्धशतक जबडे सडत राहिले. अप्पांना याचा राग होता, त्यांच्या जन्माआधीच्या, दुसऱ्या खंडातल्या कामगारांसाठी आलेला राग, आणि तो कधी कमी झाला नाही.

योन्शपिंगच्या काड्या जगभर गेल्या. पुढे ईव्हार क्रॉयगर आला, काड्यांचा राजा म्हणवला गेलेला, सरकारांना कर्जं देऊन बदल्यात काडेपेटीची मक्तेदारी मिळवणारा. १९३२मधे पॅरिसमधे त्यानं जीव दिला आणि साम्राज्य कोसळलं. त्याच्या आधीच हिंदुस्थानात बाहेरच्या काडेपेटीवर जबर जकात बसली होती, तेव्हा स्वीडिश कंपनीनं इथंच कारखाने काढायचं ठरवलं. विम्कोची स्थापना १९२३ची. म्हणजे अप्पांच्या हाताखालची यंत्रं, त्या यंत्रांची भाषा, काडी बुडवायची रीत, हे सारं या सरोवराच्या टोकावरून आलेलं. आमच्या देवघरातल्या समईपाशी जी पेटी असे, तिच्यावर जहाजाचं चित्र होतं. लहानपणी मला वाटायचं, ते जहाज काड्या आणायला गेलंय.

योन्शपिंगचा जुना कारखाना आता संग्रहालय आहे. फेरीच्या आदल्या आठवड्यात मी तिथं जाऊन आले होते. घरोघरी बसून पेट्या चिकटवणाऱ्या बायकांची माहिती तिथं आहे, बरोबर मुलंही असत. मी पुष्कळ वेळ तिथंच उभी राहिले. अंबरनाथच्या मंडळींचा उल्लेख कुठं सापडतो का ते शोधत होते, असं म्हटलं तर ते खरं आहे. कारखान्यांचे इतिहास मालकांच्या नावानं लिहिले जातात. आमच्या अप्पांसारखी माणसं, ज्यांनी विझलेल्या काडीचीही काळजी केली, ती त्यात येत नाहीत. ती यायला हवीत. मी हे इथं लिहून ठेवते.

फेरीच्या रात्री योन्शपिंगला थांबा असतो. मांसाचे गोळे आणि कुस्करलेला बटाटा, मोठमोठ्या पातेल्यांतून. मी बटाटा घेतला, खारवलेल्या काकड्या घेतल्या. घामातून गेलेलं मीठ अंगाला परत हवं असतं. तीन काकड्या खाल्ल्यावर मला आपली लोणच्याची बरणी किती शहाणी आहे ते पटलं. निळ्या बेरींचं गरम, दाटसर, गोड सूप कागदी पेल्यातून देतात. वाढणारे सगळे स्वयंसेवक, आजूबाजूच्या गावांतल्या मंडळांचे. रात्रभर जागून, ओळखीच्या नसलेल्या हजारो माणसांना ते वाढत होते. पेला देताना एक शाळकरी मुलगा दर वेळी तोच एक शब्द म्हणायचा आणि दर वेळी तो मनापासून म्हणायचा.

पश्चिमेचा काठ पूर्वेसारखा नाही. शहर सोडताच चढ लागतो, पाणी दिसेनासं होतं, दोन्ही बाजूंना जंगल आणि शेतं. इथं घोळके फुटतात. मांड्या बोलायला लागतात, तळहात मुंग्यांनी भरतात, आणि ज्या पाठीमागे शंभर किलोमीटर आलो ती पाठ एका चढावर निघून जाते. निरोप घ्यायची सोयही नसते. यू नावाच्या लाकडी घरांच्या गावात पुन्हा पाणी दिसलं आणि लसान्या मिळाला. कार्ल्सबोर्गचा किल्ला मागे पडला. मग मी नव्या ओळीला लागले.

त्या ओळीतल्या एक बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. खडीची खूण करताना त्यांचा हात पूर्ण लांब व्हायचा, बोटं पसरलेली, जणू मागच्या सगळ्यांना ती वाचता यायला हवी. उत्तरेच्या हामारसुंडच्या पुलाआधी आम्ही शेजारी शेजारी बसून केळी खाल्ली. त्यांना स्वीडनची चौकडी पुरी करायची होती. बर्फावरून ९० किलोमीटर स्कीइंग, हे सरोवर, ३ किलोमीटर नदीत पोहणं आणि ३० किलोमीटर रानातून धावणं, बारा महिन्यांच्या आत. मार्चमधलं स्कीइंग झालं होतं. आता जुलैत व्हान्सब्रूला पोहायचं.

“नदीचं पाणी गार असेल,” मी म्हणाले.

“गारच. दोन किलोमीटर प्रवाहाबरोबर जायचं. मग दुसऱ्या नदीत वळायचं आणि शेवटचा एक किलोमीटर प्रवाहाच्या विरुद्ध.”

शेवटचा? मी विचारलं. दमल्यावर?

“हो. पण मधोमध नाही पोहायचं,” त्या म्हणाल्या, आणि केळाच्या सालीनं जमिनीवर एक वाकडी रेघ दाखवली. “काठाला धरून राहायचं. तिथं ओढ कमी असते. तुला पोहता येतं का?”

येतं, मी म्हटलं. उल्हास नदीत शिकले, बदलापूरला, पावसाळा संपल्यावर.

“तिथं ओढ कुठल्या बाजूला असते?” त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना ती सांगायला लागले.