एका मोकळ्या जागेची गोष्ट

शब्दांत नको तिथं जागा सोडली की आपण मुलांचा अर्धा गुण कापतो. यंदा माझेच कापले गेले!

आमच्या शाळेच्या मुलांच्या नोंदी मायएसक्यूएलमध्ये आहेत. दर शनिवारी मी मायएसक्यूएलडंपची बॅच फाईल चालवायचो. काळी खिडकी उघडायची, पासवर्ड विचारायची, झटकन बंद व्हायची. पेनड्राइव्हवर फाईल दिसली की मी खूश. हार्डडिस्क बदलायच्या आदल्या दिवशी ती सहज उघडून बघितली. वरच्या चार ओळी, आत एकाही लेकराचं नाव नाही! अंगावर काटाच आला.

बॅच फाईलच्या शेवटी 'पॉज' लिहिलं, तेव्हा खिडकी थांबली आणि चूक वाचता आली: १०४९, अनोळखी डेटाबेस. नाव मात्र माझ्या पासवर्डचं!

गंमत बघा. 'वजा यू'नंतर जागा सोडून नाव लिहिलेलं चालतं. 'वजा पी'ला पासवर्ड चिकटूनच लागतो, कारण तिथं तो लिहिणं ऐच्छिक आहे. जागा सोडली की पुढचा शब्द डेटाबेसचं नाव ठरतो. आपल्या मुदखेड जंक्शनसारखंच: फाटा बदलला की निजामाबादची गाडी आदिलाबादच्या रुळावर.

आता नुसतं 'वजा पी' लिहितो, पासवर्ड विचारल्यावरच टाकतो. तसाही तो फाईलीत उघडा ठेवणं बरं नव्हतंच. परवा ती प्रत दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरली आणि हजेरीपट घेऊन मुलं मोजली. पटसंख्या जुळली, मग डिस्क काढली.