तबकडीतील फादर

बीटल्स या इंग्रज वादकसंघाची ‘रिव्हॉल्व्हर’ ही ध्वनिमुद्रिका ५ ऑगस्ट १९६६ रोजी विलायतेत प्रथम प्रसिद्ध झाली. तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. तीच ध्वनिमुद्रिका २८ ऑक्टोबर २०२२ रोजी नव्या ध्वनिमिश्रणासह पुन्हा बाजारात आली, आणि तिचा दोन सीडींचा संच आम्ही यंदा पदरमोड करून विकत घेतला. धर्मग्रामाच्या पेटीला हात लागलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. ही खरेदी गावात षट्कर्णी झाली तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस विचारले, “फादर, येशूपेक्षा आपण मोठे असे म्हणणारे ते हेच ना?” प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो.

मार्च १९६६ मध्ये जॉन लेनन याने लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रातील मुलाखतीत, ख्रिस्ती धर्म ओसरत चालला असून आपण आज येशूपेक्षा अधिक लोकप्रिय आहोत, अशा आशयाचे उद्गार काढले. इंग्लंडात ते कोणी फारसे मनावर घेतले नाहीत. परंतु ‘रिव्हॉल्व्हर’ प्रसिद्ध होण्याच्या सुमारास ते अमेरिकेत छापले गेले आणि तेथे काही ठिकाणी बीटल्सच्या तबकड्यांची होळी झाली. ११ ऑगस्ट रोजी शिकागो येथे लेननला वार्ताहरांपुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे २००८ साली व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने, अनपेक्षित यश पदरात पडलेल्या एका तरुणाची ती बढाई होती, असे म्हणून त्या गोष्टीवर पडदा टाकला. आणि २०१० साली त्याच दैनिकाने, काहीशा विनोदाने का होईना, दहा उत्तम ध्वनिमुद्रिकांची यादी दिली, तिच्यात ‘रिव्हॉल्व्हर’चे नाव अग्रभागी होते. रोमने राग सोडल्यावर आमच्या वाडीने तो धरून बसावे, हे काही बरे नव्हे.

आता खरेदीविषयी. हा संच अनेक रूपांत मिळतो. मोठ्या पेटीत पाच सीडी आणि शंभर पानांचे पुस्तक आहे. तिची किंमत पाहून आम्ही तिला दुरूनच नमस्कार केला. काळ्या तबकड्यांची हौसही हल्ली पुन्हा आली आहे. बीटल्सच्या तबकड्या एके काळी कलकत्त्याजवळ दमदम येथील कारखान्यात निघत असत, इतकेच नव्हे तर १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरही त्यांची गाणी आपल्या देशात निघाली. तथापि खानापूरकडच्या पावसात जेथे मिस्साग्रंथाच्या पानांनाही बुरशी येते, तेथे पुठ्ठ्याच्या वेष्टनांची काय कथा! शिवाय नवे मिश्रण संगणकावर घडलेले आहे. ते काळ्या तबकडीवर कोरले म्हणून जुने होत नाही. एक गोष्ट मात्र तबकडीवाल्यांची खरी. क्लाउस फोरमान या चित्रकाराने केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत काढलेले ते मुखपृष्ठ बारा इंचांच्या वेष्टनावरच पाहावे. सीडीवर ते तळहाताएवढे होऊन बसले आहे आणि चौघांच्या केसांत दडलेली लहान छायाचित्रे शोधावयास आम्हांस भिंग घ्यावे लागले.

वाचक म्हणतील, जुनेच गाणे पुन्हा विकत कशासाठी? सेमिनरीत असताना एका सहाध्यायाच्या कॅसेटवर ही गाणी आम्ही ऐकली होती. ती १९८७ साली सीडीवर आली आणि २००९ साली स्वच्छ करून पुन्हा आली. त्या दोन्ही वेळी आम्हांस मोह झाला नाही. या खेपेची गोष्ट निराळी आहे. १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत फितीवर चारच मार्ग असत. ते भरले की अनेक वाद्ये एका मार्गावर एकत्र करून पुढचे मुद्रण करीत, आणि एकदा एकत्र झालेले आवाज पुन्हा वेगळे करणे कोणाच्या हाती नव्हते. ‘टॅक्समन’ या पहिल्याच गीतात गिटार, बास आणि ड्रम एकाच मार्गावर बसले होते. न्यूझीलंडचे चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी बीटल्सवर तयार केलेला ‘गेट बॅक’ हा माहितीपट २०२१ मध्ये प्रकाशित झाला. त्यासाठी त्यांच्या मंडळींनी संगणकाला गिटारचा स्वर कोणता, ड्रमचा कोणता, माणसाचा कोणता हे ओळखावयास शिकविले. दूध आणि पाणी वेगळे करणारा राजहंस आजवर आपण सुभाषितांतच वाचत आलो होतो. त्याच विद्येच्या आधारे मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन आणि त्यांचे सहकारी सॅम ओकेल यांनी हे नवे मिश्रण केले. जुन्या कलाकृतीवर असा हात फिरविणे सर्वांनाच रुचत नाही, आणि त्या आक्षेपात तथ्य नाही असेही नाही. मूळ मिश्रण उपलब्ध राहते तोवर आमची तक्रार नाही, एवढेच.

परंतु खरे सांगावयाचे तर चौदा गीतांपैकी एकाच गीतासाठी आम्ही पैसे मोजले. ‘एलिनॉर रिग्बी’ हे ते गीत. त्यात दोनच माणसे आहेत : देवळाच्या आश्रयाने जगणारी एक एकाकी स्त्री आणि फादर मॅकेन्झी नावाचे एक धर्मगुरू, ज्यांच्या प्रवचनाला श्रोता नाही. शेवटी ती बाई मरते आणि तिच्या दफनाला दुसरे कोणीही येत नाही. पॉल मॅकार्टनी तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. त्याची आई कॅथोलिक, व्यवसायाने परिचारिका; ती तो चौदा वर्षांचा असताना निवर्तली. लहानपणी आपण एका वृद्ध बाईचे बाजारहाट करून देत असू, असे त्याने सांगितले आहे. गीतातील पाद्रीबुवांना आरंभी त्याने आपलेच आडनाव दिले होते; परंतु लोकांना ते आपले वडील वाटतील म्हणून ते बदलून टेलिफोनच्या पुस्तकातून मॅकेन्झी हे नाव काढले.

यात बीटल्सपैकी कोणीही वाद्य वाजविलेले नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो, एवढाच साज. जेफ एमरिक या वीस वर्षांच्या ध्वनिमुद्रकाने ध्वनिग्राहक वाद्यांच्या इतके जवळ नेऊन ठेवले, की वादक बिचकून खुर्च्या मागे सरकवू लागले. त्यामुळे तारेवर गज घासल्याचा खरखरीतपणा त्यात उतरला आहे. जुन्या स्टिरिओ मिश्रणात गायकाचा आवाज बहुतांशी एका बाजूस पडलेला असे. आता तो मध्यभागी आहे आणि वाद्ये त्याच्या दोहों बाजूंस. आमच्या साध्या सीडी-यंत्रावर, ज्यावर नाताळची गीतेच काय ती वाजतात, हा भेद स्पष्ट ऐकू आला.

फेब्रुवारीत आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवर एक आजी वारल्या. मुलगा आखातात, सून आणि नातवंडे पुण्यास. मुलाला रजा मिळाली नाही. तो फोनवर रडत होता. दफनभूमीवर आम्ही, खड्डा खणणारे दोघे, क्रूस धरणारा एक मुलगा आणि शेजारच्या घरातील सासू-सुना, एवढेच होतो. सासू जपमाळेची सुरुवात करी आणि उत्तर द्यावयास सून एकटीच असे. तेव्हा क्रूस धरणाऱ्या मुलाने आपण होऊन आवाज चढविला. त्यानंतर काही आठवड्यांनी ही सीडी आली. त्या गीताचा शेवट आम्ही ऐकला आणि यंत्र बंद करून बराच वेळ बसून राहिलो.

त्या दफनाने कोणाचेच काही भले झाले नाही, असा गीताचा निकाल आहे. या ठिकाणी आमचे आणि गीतकाराचे जमत नाही. फादर मॅकेन्झी त्या बाईसाठी आले होते. त्यांनी तिचे नाव उच्चारले असणार, कारण विधीत नाव घ्यावेच लागते. तेवीस वर्षांच्या मुलाला ते रिकामे दिसले, आणि आम्ही सेमिनरीत तेवीस वर्षांचे होतो तेव्हा आम्हांसही ते तसेच दिसले होते. आज दर दोन-तीन महिन्यांनी अशी एखादी कबर आम्हांस लावावी लागते. घरे आहेत, अंगणे सारवलेली आहेत, माणसे मात्र गोव्याला, पुण्याला आणि समुद्रापलीकडे. त्या वृद्ध फादरांशी बोलता आले असते तर प्रवचनाविषयी नव्हे, त्या बाईच्या शेजाऱ्यांविषयी आम्ही विचारले असते.

दुसऱ्या सीडीवर याच गीताचे गायनाविना मुद्रण आहे. नुसती आठ तंतुवाद्ये. शब्द नसल्याने तेथे भांडणही नाही, आणि आम्ही ते अधिक वेळा लावतो. त्याच सीडीवर जॉर्ज हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’ या गीताची एक निराळी प्रत आहे. त्यातील तबला अनिल भागवत यांनी वाजविला असून, त्यांचे नाव १९६६ च्या मूळ वेष्टनावर छापलेले होते. बाहेरच्या वादकाला असा मान मिळणे तेव्हा नित्याचे नव्हते. आमच्या गायकवृंदाच्या मास्तरांना, जे स्वतः तबला जाणतात, ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी ती सीडी ऐकावयास मागून नेली. ती अद्याप त्यांच्याकडेच आहे. परत आली की ज्या कोणास हवी असेल त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर आमच्याकडून न्यावी. पहिली मात्र घरीच येऊन ऐकावी.