मनसरची टेकडी

नागपुरच्या दक्षिणेस, विमानतळालगत, मिहान नांवाची नवी उद्योगनगरी वसली आहे. तेथील एका कचेरींत आमचा पुतण्या नोकरीस आहे. गेल्या कार्तिकांत त्याच्या कचेरींत आलेल्या एका जपानी पाहुण्यांस रामटेक दाखवावयाचें ठरलें. त्यांचें गांव नारा. आठव्या शतकांत जपानची राजधानी तेथें होती. "काका, संस्कृत जाणणारा माणूस बरोबर हवा, तुम्हीच चला," असें पुतण्यानें म्हणतांच आम्ही आनंदानें वाटाड्या झालों. चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. मेघदूतांतील रामगिरि म्हणजे तर आमच्या घरचाच डोंगर, असा आमचा समज!

जबलपुरच्या रस्त्यानें कामठी, कन्हान मागें टाकून मोटार मनसरास आली. येथून रामटेक पांचसहा किलोमीटर. पाहुण्यांनीं एका टेकडीकडे बोट दाखविलें. आम्ही म्हणालों, "ती हिडिंबेची टेकडी. जुन्या विटांचा ढीग आहे, दुसरें कांहीं नाहीं." पुतण्यानें त्याचें इंग्रजी केलें. पाहुणे नम्रपणें म्हणाले, "मी तीच पाहावयास आलों आहें."

टेकडी चढतांना आम्ही गुरु न राहतां शिष्य झालों. नागपुरास स्थायिक झालेले भदंत सुरई ससाई हे मूळचे जपानचे. आचार्य नागार्जुनाचें स्थान येथेंच असावें, या श्रद्धेनें त्यांनीं या भूमीचा ध्यास घेतला. त्यांच्याशीं संबंधित नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीनें १९९८ पासून जगत्पती जोशी व अरुणकुमार शर्मा यांनीं येथें उत्खनन केलें. मातीखालून विटांचे थरांवर थर, पायऱ्या व कोनाकोनांच्या भिंती वर आल्या. कोणी येथें बौद्ध स्तूप पाहतात. तर हान्स बाकर या डच पंडितांच्या मतें हें पांचव्या शतकांतील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचें शिवालय असून त्याची राजधानी प्रवरपूर ती येथेंच. या प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, आणि त्याच चंद्रगुप्ताच्या आश्रयास कालिदास होता अशी परंपरा. म्हणजे ज्या काळाचें काव्य आम्हीं जन्मभर शिकविलें, त्या काळाच्या विटा वाटेवरच होत्या. आणि आम्ही दरवर्षीं सहलीचीं मुलें घेऊन त्यांवरून पुढें जात होतों!

दुपारीं रामटेकास अंबाळा तलावाच्या कांठीं शिदोरी सोडली. पाहुण्यांनीं आपली वर्णमाला म्हणून दाखविली: अ, इ, उ, ए, ओ, पुढें का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आम्ही चकित झालों. हा क्रम संस्कृत वर्णमालेवरून घेतलेला, हें त्यांच्याकडूनच कळलें. गड चढून रामदर्शन घेतलें. वाकाटककालीन केवल-नरसिंहाचें मंदिर पाहिलें. तेथें बसून त्यांनीं एक कथा सांगितली. बोधिसेन नांवाचा भारतीय भिक्षु इ.स. ७३६ मध्यें जपानास पोंचला. ७५२ मध्यें नाऱ्याच्या तोदाइजी मंदिरांत बुद्धाची प्रचंड धातुमूर्ति पूर्ण झाली, तेव्हां हातीं कुंचला घेऊन मूर्तीचे डोळे त्यानेंच उघडले. आमच्याकडे प्राणप्रतिष्ठेच्या वेळीं नेत्रोन्मीलन करितात, तसाच तो विधि.

परततांना मोटारींत आम्ही बराच वेळ बोललों नाहीं. एका भारतीयानें नाऱ्यास मूर्तीचे डोळे उघडले. बाराशें वर्षांनीं एका जपान्यानें ध्यास घेतला म्हणून मनसरची माती उकलली, आणि आमचे डोळे उघडावयास पुन्हां जपानचाच पाहुणा यावा लागला! मतभेद विद्वानांनीं सोडवावे. आमचा अपराध मात्र एवढाच कीं, आम्हीं विचारलें नाहीं.

घरीं येतांच नातवंडांस सांगितलें, "येत्या रविवारीं पुन्हां रामटेक; पण आधीं मनसर." वाचकांपैकीं जे रामदर्शनास जातील, त्यांनींही वाटेंत घटकाभर थांबावें, ही विनंति.