केटीकाकूंचं घर

अमेरिकेला गेलेली आपली माणसं नायगारा आणि न्यूयॉर्क बघून येतात. इंडियाना राज्यातल्या फाउंटन सिटीला मुद्दाम कोण जाणार? आम्हीसुद्धा गेलो ते धाकट्या दिरांचं बिऱ्हाड तिथून तासाभरावर, डेटनला आहे म्हणून. "एक जुनं घर आहे, वहिनी. तुम्हाला आवडेल," एवढंच ते म्हणाले होते.

रस्त्याला लागूनच विटांचं दुमजली घर, आठ खोल्यांचं. १८३९ साली लेव्ही कॉफिन या व्यापाऱ्यानं बांधलेलं. गावाचं नाव तेव्हा न्यूपोर्ट होतं. लेव्ही आणि त्यांच्या पत्नी कॅथरिन क्वेकर पंथाच्या. साधे कपडे, साधं बोलणं, आणि माणूस विकत घेणं हे पाप, ही श्रद्धा. दक्षिणेतून पळालेले गुलाम रात्री-बेरात्री त्यांच्या दारावर हळूच थाप मारत. त्यांना जेवू घालायचं, लपवायचं आणि कॅनडाच्या वाटेवरच्या पुढल्या घरी पोचवायचं. हा कायद्यानं गुन्हा होता! न्यूपोर्टला असताना वर्षाला सरासरी शंभरावर माणसं येत, असं लेव्हींनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या अशाच लोकांना.

माडीवर पलंगामागे एक बुटकं दार आहे. छपराखालच्या अंधाऱ्या सांदीत माणसं बसवायची आणि पलंग पुन्हा दाराशी सरकवायचा. मुलं तिथून हलत नाहीत. मी मात्र रेंगाळले ती तळघरातल्या विहिरीपाशी. घरात विहीर कशाला? तर अंगणात कुणी इतकं पाणी शेंदताना दिसलं, की घरात पाहुणे किती ते शेजाऱ्यांना कळणार! अवचित दहा-बारा माणसं जेवायला आली तर पाणी किती लागतं, ते आपल्याला का कुणी सांगायला हवं? मध्यरात्री उठून चूल पेटवायच्या त्या कॅथरिन, सगळ्यांच्या केटीकाकू. गावातल्या बायका त्यांच्याकडे जमून पळून आलेल्यांसाठी कपडे शिवत. लोक लेव्हींना 'भूमिगत रेल्वेचे अध्यक्ष' म्हणत. काकूंना कसलं पद नव्हतं. त्यांच्या कामाची खूण म्हणजे ही विहीर.

१८४७ साली कॉफिन मंडळी सिनसिनाटीला गेली. घर दुसऱ्यांकडे गेलं, काही काळ तिथं हॉटेलही चाललं. नव्या मालकाला असली सांदी म्हणजे निव्वळ अडगळ! १९६७ साली राज्य सरकारनं घर विकत घेतलं, पूर्वीसारखं दुरुस्त केलं आणि १९७० साली लोकांना खुलं केलं. पुढं कित्येक वर्षं ते स्वयंसेवकांनी सांभाळलं. जुनं घर सरकारनं घेतलं म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं, पण दार उघडायला, दाखवायला, झाडायला माणूस लागतंच. २०१६ साली शेजारी माहितीकेंद्र झालं. इमारत जरा चकचकीत आहे. पण तिकिटं आणि प्रदर्शनाची गर्दी तिकडं गेली, हे जुन्या घराच्या दृष्टीनं बरंच झालं.

रिचमंड शहरापासून उत्तरेला मोटारीनं पाव तास लागतो. जाण्यापूर्वी वेळा विचारून घ्या, आणि तळघर बघितल्याशिवाय परतू नका.