केसांएवढी चांदी

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला चंद्रपूरला माहेरी आली होती. मुलगी झाली. कानात अजान दिली गेली आणि काट्यावर आकडा आला : २ किलो ३०० ग्रॅम. अडीच किलोच्या आत, म्हणून कार्डावर 'कमी वजन' लिहिले गेले. सातव्या दिवशी अकीका झाला. न्हाव्याने जावळ काढले, सराफाच्या काट्यावर केस तोलले आणि तेवढ्या चांदीची किंमत सदका म्हणून दिली. केस जेमतेम ग्रॅमभर भरले. दस्तरखानावर मात्र दुसऱ्याच वजनाची चर्चा चालली होती. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "बच्ची तो हलकी है. नौ महीने में इसने खाया क्या?" ओढणीआड बाळाला पाजत असलेल्या बहिणीने मान वर केली नाही. आम्हीही गप्प राहिलो. ती बोच मनात राहून गेली.

वजनकाट्याला आम्ही कमी लेखत नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याचे काम सुरू केले. गावातल्याच बाया शिकून घरोघरी बाळे तोलू लागल्या आणि हलक्या बाळांना जपू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते जगासमोर मांडले. पण काटा किती ते सांगतो, कशाचे ते सांगत नाही.

आमचे अब्बा काटकुळे. जन्मभर सायकल चालवली, तरी चाळिशीतच साखरेचा आजार जडला. असे सडपातळ रुग्ण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनाही दिसत होते. त्यांनी पुण्याजवळच्या ६ खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. चिमट्याने कातडीच्या घड्या मोजल्या, तेव्हा आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी त्या मानाने शाबूत निघाली. अब्बांचे कोडे आम्हाला तिथे थोडे उलगडले.

चिमट्याला कातडीखालचेच कळते. सगळ्या देहाचा हिशेब जड पाण्याने होतो. १९३१ मध्ये हॅरॉल्ड युरी यांनी शोधलेला ड्युटेरियम हा हायड्रोजनचाच जड भाऊ. तो किरणोत्सर्गी नाही. साध्या पाण्यातही सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक असतोच. आमची वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत मिसळते आणि पुढे तेलंगणातल्या मणुगुरूच्या कारखान्यात त्याच गोदावरीच्या पाण्यातून जड पाणी वेगळे काढतात.

त्याचा अगदी थोडा, मोजलेला अंश बाळाला पाजतात. तो अंगातल्या पाण्यात पसरला की काही तासांनी लाळेचा किंवा लघवीचा नमुना तपासतात. रांजणात मोजून साखर टाकावी आणि गोडीवरून पाणी किती ते ओळखावे, तसेच हे. चरबीत पाणी जवळजवळ नसते. नवजात बाळाच्या बाकी देहात सुमारे ८० टक्के असते. समजा, २ किलो ३०० ग्रॅमच्या बाळात १ किलो ६८० ग्रॅम पाणी निघाले, तर बिनचरबीचा देह २ किलो १०० ग्रॅम आणि चरबी २०० ग्रॅम. पाणी १ किलो ६०० ग्रॅमच निघाले, तर चरबी ३०० ग्रॅम. काट्यावर दोन्ही बाळे सारखीच. ही तपासणी संशोधनासाठी होते, रोजच्या दवाखान्यात नाही. पण गणित सातवीच्या पोरांनाही जमेल असे आहे.

ईदला आम्ही बहिणीच्या सासरी गेलो, तेव्हा वही उघडून सासूबाईंना हेच गणित करून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मग मुलीला वरचे दूध घालून गुटगुटीत करू नको म्हणता?" आम्ही म्हटले, "खालाजान, सहा महिने आईचेच दूध. आणि आईचे ताट भरलेले." पुण्याजवळच्या त्याच खेड्यांत दूध, पालेभाजी आणि फळे जास्त खाणाऱ्या आयांची बाळे मोठी जन्मली होती, तेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हमारे वक्त में बहू सबके बाद खाती थी. जो बचा, वो." त्यांची शादी पंधराव्या वर्षी झालेली.

एका बाळाच्या वजनामागे किती बायकांची उरलेली ताटे असतात, हे तेव्हा आम्हाला कळले. आमच्या वर्गात रोज चार-पाच मुली सकाळी काही न खाता येतात. हजेरी घेताना आता आम्ही आधी तेच विचारतो. बहिणीच्या घरी सासूबाई तिला आपल्यासोबत जेवायला बसवतात. अकीक्याला आम्ही केसांएवढी चांदी दिली होती. आईच्या ताटाचा हिशेब मात्र तेव्हा कोणी केला नव्हता.