पाहिलेले, ऐकलेले

प्रवासवर्णनाचा विचार करताना ‘प्रत्यक्षदर्शी’ या विशेषणाला आपली समीक्षा फार मान देत आली आहे. लेखक तिथे गेला होता, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, एवढ्यानेच त्याचे अर्धे काम झाले असे आपण धरून चालतो. या गृहीताची उलटतपासणी मला ऐकायला मिळाली ती एखाद्या परिसंवादात नव्हे, तर पेरू देशातल्या विनिकुंका नावाच्या डोंगरावर, एका वाटाड्याच्या तोंडून.

कुस्को शहराच्या आग्नेयेस, आंदीज पर्वतराजीत हा डोंगर आहे. पर्यटनाच्या जाहिराती त्याला इंद्रधनुष्याचा डोंगर म्हणतात. उंची पाच हजार मीटरांहून थोडी अधिक. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर. तीन कळसूबाई एकीवर एक रचल्या तरी विनिकुंकाचा माथा थोडा वरच उरेल. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. साठी उलटलेल्या माणसाला असे आकडे वाचून कळत नाहीत, छातीला कळतात. कुस्को स्वतःच सुमारे ३४०० मीटरांवर वसलेले आहे. तिथे चार दिवस मुक्काम करून, विरळ हवेची सवय करून मी निघालो.

पहाटे गाडीने निघून उजाडल्यावर पायथ्याशी पोहोचलो. वाटाड्या तिशीपलीकडचा, क्वेचुआ ही त्याची मातृभाषा. त्याने कोकाची तीन पाने बोटांत एकत्र धरली, दूरच्या औसंगाते शिखराकडे त्यांवरून हलकेच फुंकर घातली आणि मग ती तोंडात टाकली. मोठ्या पर्वतांना ते लोक ‘अपू’ म्हणतात. या शब्दात देवपण आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्याविषयीचा धाकही. चढ सुरुवातीला सौम्य आहे. तरीही वीस पावले टाकली की थांबावे लागे. टायरच्या रबराच्या चपला घातलेल्या स्त्रिया घोड्यांचे लगाम धरून आमच्या पुढून सहज निघून जात. दमलेल्या पर्यटकाला पाठीवर घेणारे हे घोडेही शेवटच्या खड्या चढापर्यंतच जातात.

अशाच एका थांब्यावर कुणीतरी विचारले, हा डोंगर पूर्वी बर्फाखाली होता आणि बर्फ वितळल्यावर रंग उघडे पडले, हे खरे का? ही कथा सर्वत्र सांगितली जाते. वाटाड्या म्हणाला, “आमच्या भाषेत हे मला ‘सी’ लावून सांगावे लागेल.” मग त्याने उलगडा केला. क्वेचुआत स्वतः अनुभवलेली गोष्ट सांगताना शब्दाला ‘मी’ हा प्रत्यय लागतो, ऐकीव गोष्टीला ‘सी’. शब्द स्वरान्त असेल तर त्यांची नुसती ‘न’ आणि ‘स’ अशी रूपे होतात. स्वतः पाहिल्याची ग्वाही देणारा प्रत्यय ‘मी’ असावा, हा निव्वळ योगायोग. पण मराठी कानाला तो सुखावून गेला. “माझे आजोबा याच उतारांवर अल्पाका चारत,” तो पुढे म्हणाला, “त्यांच्या तोंडून मी ती बर्फाची गोष्ट कधी ऐकली नाही.” औसंगातेवरचे बर्फ त्याच्या लहानपणी कुठवर खाली येत होते, ते मात्र त्याने काठीने दाखवले. आता तिथे उघडा खडक होता. हे सांगताना त्याला ‘सी’ची गरज नव्हती, आणि त्याचा आवाजही बदलला होता.

मराठीत ‘सी’चे काम ‘म्हणे’ करतो, पण तो ऐच्छिक आहे. वगळला तरी व्याकरण हरकत घेत नाही. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते, ‘माझा प्रवास’ त्यांनी बऱ्याच वर्षांनी आठवणीतून लिहिला आणि तो १९०७ मध्ये छापला गेला. त्यात डोळ्यांदेखतचे आणि कानांवर आलेले यांची वीण इतकी घट्ट आहे की अभ्यासकाला धागे वेगळे करत बसावे लागते. कुस्कोतच १५३९ मध्ये जन्मलेल्या इंका गार्सिलासोची परिस्थिती याहून बिकट होती. आई इंका राजकुळातली, बाप स्पॅनिश सरदार. विशीत तो स्पेनला गेला, परतला नाही. १६०९ साली प्रसिद्ध झालेला आपल्या मातृकुळाचा इतिहास त्याने स्पॅनिशमध्ये लिहिला, म्हणजे ज्या भाषेत हे प्रत्यय नाहीत तिच्यात. बालपणी काय पाहिले आणि मामा-आजोबांकडून काय ऐकले, हे तो पुनःपुन्हा नोंदवतो. इतिहासकार त्याच्या विश्वसनीयतेवर शंका घेतात. मला त्या नोंदींत आईच्या भाषेचे व्याकरण जपण्याची धडपड दिसते.

माथ्यासमोरच्या कड्यावर पोहोचलो तेव्हा ढग होते. एकेकाळी आडवे साचलेले गाळाचे थर भूगर्भातल्या दाबाने उचलले जाऊन तिरपे झालेले. लोहाच्या गंजाचा तांबडा, त्याला लागून हळकुंडी पिवळा, मग शेवाळी आणि राखाडी पट्टा. छायाचित्रांतला भडकपणा त्यांत नव्हता. गेरूने सारवून वाळलेल्या भिंतीसारखे ते शांत रंग होते, आणि मला तेच अधिक आवडले. रंग चढवलेले छायाचित्र असते ऐकीव, पण आव आणते पाहिल्याचा. भोवती रांग लावून लोक नवी छायाचित्रे काढत होते. गारा पडू लागल्यावर रांग मोडली.

उतरताना वाटाड्याने विचारले, “प्रोफेसर, तुमच्याकडे डोंगर आहेत का?” मी त्याला कळसूबाईची कथा सांगितली: केर काढायचा नाही, भांडी घासायची नाहीत, या अटीवर पाटलाच्या घरी राहिलेली कळसू, अट मोडली गेल्यावर डोंगरावर निघून गेलेली. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली आणि शेजारून चालणाऱ्या घोडेवालीला क्वेचुआत सांगू लागला. मला त्यातले एकच नाव ओळखता येत होते, आणि शब्दांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा तो ‘स’.